स्पोर्ट्‌स मोटारींची बाजारवाटणी

स्पोर्ट्‌स मोटारींची बाजारवाटणी : प्रवाशांची संख्या व सामानाची सोय यांपेक्षा वेग, चपळ हाताळणी आणि चालविण्याचा आनंद यांना अधिक महत्त्व देऊन बांधलेल्या, हलक्या व बहुधा दोन आसनांच्या मोटारगाडीला स्पोर्ट्‌स मोटार म्हणतात. एकाच कंपनीने किंवा एकाच उद्योगसमूहातील निरनिराळ्या कंपन्यांनी अशा दोन वा अधिक मोटारी विक्रीस आणल्या, तर त्यांनी परस्परांचे गिऱ्हाईक ओढून घेऊ नये म्हणून त्यांची किंमत, शक्ती, बांधणी, नाममुद्रा व विक्रीची जागा अगोदरच आखून दिली जाते. या धोरणाला येथे बाजारवाटणी म्हटले आहे. बाहेरच्या कंपनीशी होणाऱ्या स्पर्धेपेक्षा घरातील दोन मालांमध्ये होणारी स्पर्धा उत्पादकाला अनेकदा अधिक जाचक वाटते. कारण तीत एका मालाचा खप वाढला, तरी समूहाच्या एकूण उत्पन्नात भर पडत नाही, आणि स्वस्त मालाने महाग मालाचे गिऱ्हाईक नेले तर उलट घटच होते.

साध्या कौटुंबिक मोटारींच्या बाबतीतही हा प्रश्न उद्‌भवतो. परंतु स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत तो तीव्र असतो. अशा मोटारीचे गिऱ्हाईक मुळात थोडे. तिची आखणी, साचे व चाचण्या यांवरील खर्च मात्र साध्या मोटारीइतकाच किंवा त्याहून अधिक. शिवाय समूहातील सर्वांत महाग स्पोर्ट्‌स मोटार ही केवळ विक्रीची वस्तू नसून समूहाच्या प्रतिष्ठेची खूण असते. निम्म्या किंमतीची धाकटी मोटार तिच्या पुढे धावू लागली, तर या प्रतिष्ठेलाच बाध येतो. म्हणूनच धाकट्या मोटारीला मोठे एंजिन न देणे, तिचा विकास रोखणे, प्रसंगी तिचे उत्पादनच थांबविणे, असे निर्णय या उद्योगाच्या इतिहासात वारंवार आढळतात.

बाजारवाटणीची साधने : ही साधने स्थूलमानाने सहा आहेत : (१) किंमतीची पायरी, (२) एंजिनाचे आकारमान व अश्वशक्ती, (३) एंजिनाची जागा (पुढे, मध्ये अथवा मागे) आणि टपाचा प्रकार (बंद अथवा उघडा), (४) आसनसंख्या, (५) नाममुद्रा व विक्रीदालन, (६) बाजारात उतरविण्याची वेळ व प्रदेश. यांपैकी नाममुद्रा हे साधन सर्वांत कमी खर्चाचे, म्हणून सर्वाधिक वापरले गेलेले व सर्वांत कमी टिकाऊ ठरले आहे. एंजिनाचे आकारमान व त्याची जागा यांवर आधारलेली वाटणी खर्चिक असते. परंतु ती गिऱ्हाईकाला प्रत्यक्ष अनुभवता येत असल्यामुळे दीर्घकाळ टिकते.

ऐतिहासिक आढावा : पहिल्या महायुद्धापूर्वी व नंतरही काही काळ महागड्या मोटारी मागणीबरहुकूम बांधल्या जात. सांगाडा व एंजिन एका कारखान्याचे, तर वरची पेटी दुसऱ्या कारागिराची, अशी पद्धत होती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (कार. १९२२–४०) यांच्या संग्रही असलेली जर्मन बनावटीची मेबाख मोटार ही याच परंपरेतील असून कोल्हापूरच्या शाही दसऱ्याच्या सोहळ्यात ती आजही लोकांच्या नजरेस पडते. अशी प्रत्येक गाडी स्वतंत्र असल्याने तिची दुसरीशी स्पर्धा होण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच साच्याच्या हजारो गाड्या बनू लागल्या तेव्हा हा प्रश्न निर्माण झाला.

अमेरिका : फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘टी’ हा एकच नमुना प्रचंड संख्येने विकला. तिची प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स ही अनेक कंपन्या एकत्र करून बनलेली असल्याने १९२१ च्या सुमारास तिच्याकडे सात नाममुद्रा होत्या आणि त्यांपैकी मधल्या किंमतीच्या नाममुद्रा एकमेकींचेच गिऱ्हाईक खात होत्या. अ‍ॅल्फ्रेड पी. स्लोन यांनी किंमतीची शिडी आखून प्रत्येक नाममुद्रेला तिची पायरी नेमून दिली. तळाशी शेव्हरोले, शिखरावर कॅडिलॅक आणि मध्ये ओकलंड, ओल्ड्‌समोबिल व ब्यूक, अशी ती रचना होती. शेव्हरोले व तिच्या वरची पायरी यांमधील पोकळी भरून काढण्यासाठी १९२६ मध्ये पाँटिॲक ही नाममुद्रा काढण्यात आली. गिऱ्हाईकाची ऐपत वाढेल तसे त्याने त्याच घराच्या वरच्या पायरीवर चढावे, असा या शिडीचा हेतू होता.

याच कंपनीने १९५३ मध्ये शेव्हरोलेच्या नावाने कॉर्व्हेट ही दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटार आणली. पहिल्या वर्षी तिच्या अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरांचे एंजिन मिळाले व त्यानंतर तिचे स्थान पक्के झाले. यानंतर समूहातील दुसऱ्या कोणत्याही विभागाला तिच्या बरोबरीची दोन आसनी मोटार काढणे अवघड झाले. पाँटिॲक विभागाने १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘बॅन्शी’ हा दोन आसनी नमुना तयार केला. परंतु वरिष्ठांनी त्याला उत्पादनाची परवानगी दिली नाही. त्याऐवजी या विभागाला १९६७ मध्ये फायरबर्ड ही चार आसनांची मोटार मिळाली. शेव्हरोलेची कमॅरो ही तिची सख्खी बहीण होय. पुढे १९८४ या नमुनावर्षासाठी पाँटिॲकने फिएरो ही मध्यभागी एंजिन असलेली दोन आसनी मोटार आणली. ती इंधन वाचविणारी, रोजच्या प्रवासाची छोटी गाडी म्हणून मंजूर करून घेण्यात आली होती. त्यामुळे सुरुवातीस तिला केवळ चार सिलिंडरांचे एंजिन मिळाले. सहा सिलिंडरांचे एंजिन १९८५ मध्ये आणि सुधारित निलंबनयोजना १९८८ मध्ये आली. परंतु १९८८ हेच तिचे शेवटचे वर्ष ठरले. मोटार निर्दोष होण्यास आणि उत्पादन बंद होण्यास एकच वर्ष यावे, हा या धोरणाच्या दुष्परिणामांचा बोलका दाखला आहे.

ब्रिटन : ऑस्टिन व नफील्ड या समूहांच्या एकत्रीकरणातून १९५२ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही संस्था अस्तित्वात आली. नफील्ड समूहातील एमजी ही स्पोर्ट्‌स मोटारींसाठी प्रसिद्ध असलेली नाममुद्रा तीत आली. त्याच वर्षी एमजीच्या तंत्रज्ञांनी नव्या मोटारीचा आराखडा सादर केला. परंतु संस्थेचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी डॉनल्ड हीली यांच्या मोटारीचा नुकताच स्वीकार केला असल्याने तो मागे ठेवण्यात आला. परिणामी ऑस्टिन-हीली आधी आली आणि एमजीए ही मोटार १९५५ पर्यंत थांबली. पुढे १९५८ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट व १९६१ मध्ये तिचीच जुळी बहीण एमजी मिजिट या मोटारी आल्या. येथे नाममुद्रेखेरीज फारसा भेद उरला नव्हता. दोन स्वतंत्र विक्रेतामंडळांना सांभाळण्यासाठी पत्करलेली ही तडजोड होती.

या संस्थेचे १९६८ मध्ये ब्रिटिश लेलंड समूहात विलीनीकरण झाले, तेव्हा एमजी, ट्रायम्फ व जॅग्वार हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी एका छताखाली आले. समूहाची स्पोर्ट्‌स मोटार म्हणून १९७५ मध्ये ट्रायम्फ टीआर-७ पुढे करण्यात आली आणि १९६२ पासून चालत आलेल्या एमजीबी या मोटारीत नवी गुंतवणूक झाली नाही. ॲबिंग्डन येथील एमजीचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. टीआर-७ चे उत्पादनही १९८१ मध्ये थांबले. दोन भावांत वाटणी करताना एकाला उपाशी ठेवले, आणि दुसराही जगला नाही. वाटणीचे धोरण हे नव्या निर्मितीला पर्याय होऊ शकत नाही, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

इटली व जर्मनी : फेरारी कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा सिलिंडरांची तुलनेने लहान मोटार काढली. बारा सिलिंडरांच्या मोटारींची प्रतिष्ठा ढळू नये म्हणून तिला ‘फेरारी’ हे नाव न देता एन्झो फेरारी यांच्या दिवंगत पुत्राच्या नावावरून ‘डिनो’ ही वेगळी नाममुद्रा देण्यात आली. त्याच एंजिनावर फिआट कंपनीनेही फिआट डिनो ही मोटार काढली. शर्यतींच्या नियमानुसार ठरावीक संख्येने एंजिने बनविणे आवश्यक होते व ती संख्या फेरारीला एकट्याने गाठता येण्यासारखी नव्हती. एंजिन एक, परंतु एंजिनाची जागा, बांधणी व किंमत वेगळी, हा या वाटणीचा यशस्वी प्रकार होय.

पोर्शे व फोक्सवॅगन यांची संयुक्त ९१४ ही मोटार १९६९ मध्ये आली. चार सिलिंडरांची आवृत्ती फोक्सवॅगनच्या, तर सहा सिलिंडरांची पोर्शेच्या एंजिनावर चाले. दुसऱ्या आवृत्तीची किंमत पोर्शेच्या ९११ या मुख्य मोटारीच्या स्वस्त आवृत्तीजवळ जाऊन भिडली. तेवढ्याच पैशांत खरी ९११ मिळत असताना गिऱ्हाईक धाकटीकडे वळले नाही. १९७६ पर्यंत बनलेल्या सुमारे १,१९,००० मोटारींपैकी सहा सिलिंडरांच्या मोटारी सुमारे ३,३०० इतक्याच भरल्या. या अनुभवानंतर पोर्शेने धाकट्या मोटारीचे अंतर काटेकोरपणे राखलेले दिसते. १९९६ मधील बॉक्स्टर ही २·५ लिटर व २०४ अश्वशक्तीची होती, तर पुढच्या वर्षी आलेली नवी ९११ ही ३·४ लिटर व ३०० अश्वशक्तीची. बॉक्स्टरवर आधारलेली बंद टपाची केमन मोटार २००५ मध्ये आली. एंजिन मध्यभागी असल्याने तिचा तोल मूलतःच उत्तम होता. तरीही तिची शक्ती ९११ पेक्षा बेताने कमी ठेवण्यात आली. धाकटी किती चांगली होऊ द्यावी, ही सीमा येथे तंत्रज्ञानाने नव्हे, तर थोरलीच्या मानाने ठरविली. ऑडीने १९९८ मध्ये लँबोर्गिनी कंपनी घेतल्यावरही असाच क्रम पाळला गेला. लँबोर्गिनी गॅलार्डो (२००३) हिला दहा सिलिंडरांचे एंजिन होते. तिच्याशी बांधणीचे नाते असलेली ऑडी आर-८ ही २००६ मध्ये प्रथम आठ सिलिंडरांवर आली व दहा सिलिंडरांची आवृत्ती तिला २००९ मध्ये मिळाली.

जपान : जपानमध्ये वाटणीऐवजी संयमाचा एक अलिखित करार अस्तित्वात आला. देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या मोटारींची शक्ती २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक जाहीर करू नये, असे तेथील उत्पादकांनी १९८९ च्या सुमारास आपसांत ठरविले. वाढते अपघात आणि सरकारी निर्बंधाची धास्ती ही त्यामागील कारणे होत. निस्सान, होंडा, टोयोटा व माझ्दा यांच्या अत्यंत भिन्न स्वरूपाच्या मोटारींवर एकच आकडा झळकू लागला. काही मोटारींची प्रत्यक्ष शक्ती त्याहून अधिक होती, हे जाणकारांना ठाऊक होते. निर्यातीच्या काही आवृत्त्यांवर तर तसे उघड लिहिलेले असे. शक्तीची शर्यत थांबल्याने उत्पादकांनी हाताळणी, वजन व चाकांवरील नियंत्रण यांत आपापले वेगळेपण शोधले. हा करार २००४ मध्ये संपुष्टात आला.

अलीकडे विकासखर्च इतका वाढला आहे की, प्रतिस्पर्धी कंपन्याही एकत्र येऊन स्पोर्ट्‌स मोटार बनवितात व मग तिची वाटणी करतात. टोयोटा व सुबारू यांची २०१२ मधील जुळी मोटार ही किंचित वेगळ्या जुळणीने दोन नावांनी विकली गेली. बीएमडब्ल्यूची झेड-४ व टोयोटाची सुप्रा (२०१९) यांनी मात्र टपाच्या प्रकारावर वाटणी केली : उघड्या टपाची गाडी एकाकडे व बंद टपाची दुसऱ्याकडे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील एकाच कारखान्यात त्या दोन्ही तयार करण्यात आल्या.

भारत : भारतात ही वाटणी प्रथम उत्पादकांनी नव्हे, तर शासकीय धोरणाने केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजुळणी सुरू केली होती. पाठोपाठ फोर्ड कंपनीही आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये जकात आयोगाने केवळ जुळणी न करता टप्प्याटप्प्याने संपूर्ण उत्पादन करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव द्यावा, अशी शिफारस केली. त्यानंतर दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी येथील काम गुंडाळले. मागे उरलेल्या तीन कंपन्यांत प्रवासी मोटारींची आपोआप विभागणी झाली. हिंदुस्थान मोटर्सची १,४८९ घ. सेंमी.ची ॲम्बॅसडर, प्रीमियरची १,०८९ घ. सेंमी.ची फिआट ११०० आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची प्रारंभी ९४८ घ. सेंमी.ची हेरल्ड, अशी ती शिडी होती. वरवर पाहता ती स्लोन यांच्या शिडीसारखी दिसते. परंतु तीत वर चढण्याची सोय नव्हती. मागणी पुरवठ्याहून कितीतरी अधिक, नावनोंदणीनंतर वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आणि १९६९ पासून काही वर्षे किंमतीवर वैधानिक नियंत्रण, अशा परिस्थितीत जी गाडी आधी मिळेल ती घेणे, एवढेच गिऱ्हाईकाच्या हाती होते.

या तिन्ही मोटारींची परदेशातील भावंडे स्पोर्ट्‌स मोटारी होती, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ॲम्बॅसडरला ज्या घराण्यातील १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन मिळाले, त्याच घराण्यातील एंजिनावर ब्रिटनमध्ये एमजीए धावत होती. हेरल्डचा सांगाडा आखूड करून त्यावर १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर उभारण्यात आली. फिआट ११०० वरही इटलीत १९५५ मध्ये उघड्या टपाची दोन आसनी मोटार निघाली होती. म्हणजे स्पोर्ट्‌स मोटारीचे बीज तिन्ही कारखान्यांत होते. ते रुजविण्याचे कारण मात्र कोणालाच नव्हते. परकीय चलनाची टंचाई, परवान्याची मर्यादा आणि तयार माल हातोहात खपण्याची हमी असताना थोड्या गिऱ्हाइकांसाठी नवे साचे कोण करणार? मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत मात्र हौशी चालक याच गाड्यांची एंजिने घासूनपुसून, वजन उतरवून धाव घेत. कारखान्यांनी जे केले नाही, ते गॅरेजवाल्यांनी आपल्या परीने केले.

मारुती उद्योगाची पहिली मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली व ही जुनी वाटणी मोडली. मोटारउद्योगावरील परवान्याचे बंधन १९९३ मध्ये उठले. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांत स्पोर्ट्‌स मोटारीचे काही प्रयत्न झाले. सॅन मोटर्सने १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म ही तंतुकाचेच्या पेटीची दोन आसनी उघडी मोटार काढली. तिचे उत्पादन गोव्यात होत असे. फिआटने २००१ मध्ये कुर्ला येथून पॅलिओ ही मोटार बाजारात आणली व तिच्याच पेटीत १·६ लिटरचे जोरकस एंजिन बसवून निराळी आवृत्ती दिली. पुण्याच्या परिसरात तयार झालेली डीसी अवंती ही मध्यभागी एंजिन असलेली मोटार २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखविण्यात आली. यांपैकी स्टॉर्म व अवंती यांच्यामागे मोठ्या समूहाचे पाठबळ नव्हते. त्यामुळे अंतर्गत स्पर्धेचा प्रश्न त्यांना पडला नाही, तसाच सामाईक सुट्या भागांचा व विक्रेत्यांच्या जाळ्याचा आधारही मिळाला नाही.

टाटा मोटर्सचे उदाहरण याच्या उलट आहे. या कंपनीने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार व लँड रोव्हर या नाममुद्रा विकत घेतल्या. जॅग्वारची एफ-टाइप ही स्पोर्ट्‌स मोटार २०१३ पासून २०२४ पर्यंत विक्रीस होती. टाटांनी स्वतःच्या बाजूने २०१७ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ‘टॅमो’ या स्वतंत्र नाममुद्रेखाली रेसमो ही १·२ लिटरची, १९० अश्वशक्तीची दोन आसनी मोटार मांडली. किंमत, आकार व नाव या तिन्ही बाबतींत दोन्ही मोटारींत इतके अंतर होते की, त्या परस्परांच्या आड येण्याचा संभव नव्हता. तरीही रेसमो उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. बाजारवाटणी निर्दोष असली, तरी थोड्या खपाच्या मोटारीवर समूहाचा पैसा किती लावावा, हा मूळ प्रश्न तिने सुटत नाही. २०१८ मध्ये आलेल्या टिआगो जेटीपी या मोटारीत मग नेहमीच्याच गाडीला अधिक शक्तीचे एंजिन देण्याचा कमी खर्चाचा मार्ग पत्करण्यात आला.

चाकण येथील दुचाकींचे उदाहरण : महाराष्ट्रात या धोरणाचे सर्वांत स्वच्छ व यशस्वी उदाहरण चारचाकींत नव्हे, तर दुचाकींत सापडते. बजाज ऑटो कंपनीने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागभांडवल घेतले व ते पुढे वाढवीत नेले. चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या लहान मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले. २०१२ मध्ये ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस या दोन गाड्या भारतात पाठोपाठ आल्या. दोन्हींच्या एंजिनांचे आकारमान सारखेच, १९९·५ घ. सेंमी.; परंतु ड्यूकला दुहेरी कॅमदंड व इंधन-अंतःक्षेपण, तर पल्सरला एकेरी कॅमदंड, कार्ब्युरेटर व तीन ठिणगीप्लग. शक्तीतील फरक दीडदोन अश्वशक्तींचा. किंमतीतील फरक मात्र ठळक. विक्रीदालनेही निराळी ठेवण्यात आली. २०१६ च्या अखेरीस आलेल्या डॉमिनार मोटारसायकलीचे एंजिन ३७३ घ. सेंमी.चे, म्हणजे ड्यूक ३९० च्याच आकारमानाचे होते. परंतु ड्यूकची शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती असताना डॉमिनारची ३५ ठेवण्यात आली आणि लांब पल्ल्याचा आरामशीर प्रवास हे तिचे कार्यक्षेत्र ठरविण्यात आले. २०२३ मध्ये बजाजनेच तयार केलेली ट्रायम्फ स्पीड ४०० (सुमारे ४० अश्वशक्ती, किंमत सुमारे २ लाख ३३ हजार रुपये) आणि नवी ड्यूक ३९० (सुमारे ४६ अश्वशक्ती, किंमत सुमारे ३ लाख ११ हजार रुपये) यांमध्येही हाच क्रम दिसतो. तरुण, शर्यतीची ओढ असलेला चालक एकीकडे. जुन्या घाटाची, शांत चालीची आवड असलेला दुसरीकडे. येथे वाटणी माणसांच्या वृत्तीनुसार झाली आहे व दोघांनाही दुय्यम माल मिळाल्याची भावना नाही. हेच या उदाहरणाचे यश होय.

कोल्हापूर व पूरक उद्योग : बाजारवाटणीचा विचार सामान्यतः उत्पादक व गिऱ्हाईक या दोहोंच्या दृष्टीने केला जातो, सुटे भाग पुरविणारा तिसरा घटक दुर्लक्षित राहतो. कोल्हापूर हे या तिसऱ्या घटकाचे महत्त्वाचे केंद्र आहे. शेतीच्या पाणीपुरवठ्यासाठी लागणारी तेल-एंजिने व त्यांचे सुटे भाग यांच्या निर्मितीतून येथील शिवाजी उद्यमनगरात यंत्रकाम व ओतकाम यांची परंपरा रुजली. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून ती विस्तारली. घाटगे-पाटील व मेनन यांसारखे उद्योग आणि त्यांच्या जोडीला शेकडो लहानमोठ्या फौंड्र्या व मशिनशॉप वाहनउद्योगाला ओतीव भाग, दट्ट्ये व धारवे पुरवू लागले.

फौंड्रीचे अर्थकारण साच्यावर उभे असते. एखाद्या भागाचा पॅटर्न तयार करणे, त्यावर चाचणीचे नग ओतणे, ते कापून तपासणे व मान्यता मिळविणे हा खर्च शंभर नगांसाठी आणि लाख नगांसाठी जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे स्पोर्ट्‌स मोटारीसाठी निराळा भाग मागितला गेला, तर तो प्रत्येक नगामागे महाग पडतो. आणि उत्पादकाने दोन मोटारींतील स्पर्धा टाळण्यासाठी त्यांपैकी एक अचानक बंद केली, तर तिचा पॅटर्न फौंड्रीच्या फळीवर धूळ खात पडतो. याउलट, बाहेरून वेगळ्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत आतील भाग सामाईक असतील, तर दोहोंचा खप पुरवठादाराच्या एकाच खात्यावर जमा होतो. ‘बाहेर भेद, आत अभेद’ ही रचना म्हणूनच केवळ उत्पादकाच्या नफ्याची युक्ती नाही. भट्टीजवळ काम करणाऱ्या कामगाराच्या रोजगाराचे सातत्यही तिच्यावर काही अंशी अवलंबून असते. समूहाच्या मुख्य कचेरीत आखलेल्या रेषेचा परिणाम शिरोलीच्या फौंड्रीतील पाळ्यांवर होतो, तो असा.

कोल्हापूर जिल्ह्यात वेगाची हौसही जुनी आहे. अलीकडच्या काळात शहराजवळ कार्टिंगचा धावपथ तयार झाला असून येथील तरुण चालक राष्ट्रीय शर्यतींत उतरले आहेत. ओतकाम, यंत्रकाम व शर्यतीची आवड या तिन्ही गोष्टी एका जिल्ह्यात असूनही येथील कौशल्य मुख्यतः दुसऱ्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या पोटात जाते. वाटणीत नाममुद्रेचा वाटा सर्वांत मोठा व ओतणाऱ्याचा सर्वांत लहान, ही या उद्योगाची रीतच आहे.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. केवळ नाममुद्रेवर आधारलेली वाटणी गिऱ्हाईक लवकर ओळखते. धाकट्या मोटारीला मुद्दाम दुबळे ठेवून केलेली वाटणी काही काळ थोरलीचे रक्षण करते. परंतु त्या अवधीत बाहेरचा प्रतिस्पर्धी नेमक्या त्याच पायरीवर येऊन उभा राहतो. ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारी आपसांतील वाटणीत गुंतल्या असताना अमेरिकी बाजारपेठेत जपानी डॅटसन २४०-झेड (१९६९) हिने मिळविलेले यश, हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शासनाने घडविलेली वाटणी सर्वांत स्थिर असते, पण तीत सुधारणेची प्रेरणाच नाहीशी होते; ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत मूळच्या ओळखीच्या रूपात टिकली, याचे कारण तिचे गुण जितके, तितकीच दीर्घकाळ न मिळालेली स्पर्धाही आहे.

ज्या वाटणीत प्रत्येक मोटारीला स्वतःचे असे एक काम सोपविले जाते व ते तिने सर्वोत्तम रीतीने करावे यासाठी पुरेसा खर्च केला जातो, तीच टिकाऊ ठरते. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या प्रसारामुळे एंजिनाचे आकारमान व सिलिंडरांची संख्या ही वाटणीची जुनी मोजमापे निरुपयोगी होत चालली आहेत. विद्युत् चलित्राची शक्ती आज्ञावलीत बदल करून वाढविता अथवा घटविता येते. म्हणजे दोन मोटारींतील भेद लोखंडात न राहता आकड्यांत राहू लागतो. एंजिनाचे ठोकळे व दट्ट्ये यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कोल्हापूरसारख्या केंद्रांपुढे यामुळे खरा प्रश्न उभा राहिला आहे. कोणत्या मोटारीने कोणत्या पायरीवर उभे राहावे, हे ठरविण्यापेक्षा त्या शिडीत ओतीव लोखंडाला यापुढे किती जागा उरेल, याचा विचार या परिसरातील उद्योजक व कामगार यांना अधिक निकडीने करावा लागणार आहे.